बर्फातला की पाण्यातला?

समुद्रापासून साडेसातशे किलोमीटरवर ताजा मासा मिळतो? मिळतो. फक्त ॲपवर नाही, आणि कधीही नाही. वर्ध्याच्या दोन ट्रिप्स, एक थर्माकोलचा बॉक्स आणि एका हट्टी मालवणी माणसाची ही गोष्ट.

विदर्भ एक्स्प्रेसच्या थ्री टायर एसीत माझ्या बर्थखाली एक पांढरा थर्माकोलचा बॉक्स होता. ब्राऊन टेपनं गच्च बांधलेला. आत दोन किलो पापलेट, चार आइस पॅक आणि माझी सगळी इज्जत! समोरच्या बर्थवरच्या काकू रात्रभर नाकाला पदर लावून माझ्याकडे बघत होत्या. मी ढिम्म. कारण मिशनच तसं होतं. बाबांना मासे खायला घालायचे होते.

ऑफिसात सांगितलं तर सगळे हसले. ‘‘वर्ध्याला? मासे घेऊन? अगं, तिथं तर गांधीजी ना?’’ आमच्या टीम लीडनं तर ‘‘तिथं काय, उकडलेला भोपळा खायचा आणि सूत कातायचं’’ असा सल्लाही दिला. मीही हसले. तेव्हा मलाही वर्ध्याबद्दल तेवढंच माहीत होतं.

आता थोडा फ्लॅशबॅक. बाबा मूळचे देवगडकडचे. नोकरीची चौतीस वर्षं मुंबईत काढली. आमच्या घरात रविवार म्हणजे झोप नव्हे, भाऊचा धक्का. पहाटे साडेपाचला आई आणि बाबा बाहेर पडायचे. कामाची वाटणी ठरलेली. आई निवडायची, बाबा पिशवी धरायचे. आई कल्ले उघडून बघायची, भाव करायची, रुसायची, चार पावलं पुढे जायची, परत यायची. बाबा मागे पिशवी धरून उभे. एक शब्द बोलायचे नाहीत. घरी आल्यावर मात्र माशाचं सगळं क्रेडिट स्वतः घ्यायचे!

तीन वर्षांपूर्वी आई गेली. बाबा एकटे राहू नयेत म्हणून ताई त्यांना वर्ध्याला घेऊन गेली. ताई तिथं शिकवते, भावजी तिथलेच. बाबांना गाव आवडलं. सकाळी फिरणं, पेपर, संध्याकाळी कट्टा, सगळं छान. फक्त एक गोष्ट झाली. बाबांनी मासे सोडले.

‘‘सेवाग्रामचं पाणी लागलं वाटतं,’’ मी फोनवर ताईला म्हटलं. ती हसली नाही. ‘‘मी दोनदा राहू आणला गं. म्हणाले, ‘गोड्या पाण्यातलो मासो, मातीचो वास येता.’ ताट सरकवलं आणि दही-भात खाल्ला.’’

मातीचा वास हे निमित्त होतं हे आम्हा दोघींनाही कळत होतं. म्हणूनच तो बॉक्स.

मासा मे महिन्यातला!

वर्धा स्टेशनवर उतरले तेव्हा पाऊस कोसळत होता. जुलैचा दुसरा आठवडा. घरी पोचल्या पोचल्या मी टेबलावर बॉक्स ठेवला आणि जादूगारासारखं झाकण उघडलं. बाबा चष्मा लावून आले. एक पापलेट उचललं. अंगठ्यानं दाबलं. खड्डा पडला, तो तसाच राहिला.

‘‘ह्या काय हाडलंस गो?’’

‘‘बाबा, पापलेट! एकदम फ्रेश. ॲपवर ‘टुडेज कॅच’ लिहिलं होतं.’’

‘‘आज तारीख काय?’’

मी तारीख सांगितली. सांगता सांगताच माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. माशांचा विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणांसाठी. बिगरयांत्रिक होड्या तेवढ्या किनाऱ्याजवळ जातात. मग जुलैत दोन किलो पापलेटचा हा ‘आजचा कॅच’ आला कुठून? कोल्ड स्टोरेजमधून, आणखी कुठून!

‘‘ह्यो मासो मे म्हयन्यातलो,’’ बाबांनी निकाल दिला. ‘‘बर्फात बसान बसान ह्याकाच थंडी वाजली.’’

पापलेटाला, म्हणजे सिल्व्हर पॉम्फ्रेटला, महाराष्ट्रानं २०२३ मध्ये राज्यमाशाचा दर्जा दिला. मान मोठा आहे, पण राज्याच्या या टोकापर्यंत येताना त्याची अशी दशा होते! भावजींनी ते पापलेट आवडीनं खाल्लं. बाबांनी दही-भात.

पण एक सांगू? कितीतरी महिन्यांनी बाबांनी मासा हातात घेऊन दाबून पाहिला होता. ताईनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आणि दुसऱ्या दिवशीचा पहाटे पाचचा अलार्म लावला.

ठोक आणि चिल्लर

मुंबईत आपण ‘होलसेल’ म्हणतो, विदर्भात ‘ठोक’. रिटेल म्हणजे ‘चिल्लर’. हे दोन शब्द मी ठोक बाजाराच्या चिखलात उभी राहून शिकले. ताईच्या ॲक्टिव्हावर आम्ही दोघी रेनकोट घालून पोचलो तेव्हा एक ट्रक रिकामा होत होता. पोरं थर्माकोलच्या पेट्या एकमेकांकडे फेकत होती. पेटी फोडली की बर्फाचा चुरा खाली, आणि आत एकावर एक रचलेले चकचकीत राहू आणि कतला.

‘‘कुठला माल, भाऊ?’’

‘‘आंध्राचा जी. भीमावरमकडून येते. जामच्या चौकातून गाडी इकडं वळते.’’

जाम हे समुद्रपूर तालुक्यातलं गाव. हैदराबाद-नागपूर हायवे हिंगणघाटवरून तिथं येतो. आंध्रातल्या कोल्लेरू आणि भीमावरमच्या पट्ट्यात शेततळ्यांतून राहू-कतला अक्षरशः पिकवतात आणि बर्फात घालून देशभर पाठवतात. तुम्ही कोलकात्यात खा, गुवाहाटीत खा, नाहीतर वर्ध्यात खा, मासा बऱ्याचदा आंध्राचाच असतो. वर्षाचे बारा महिने, एकाच साइजचा. माशांचा ब्रॉयलर म्हणा हवं तर!

व्यापारी भाऊ तिशीतले, कानात ब्लूटूथ, हातात काटा. माझ्या प्रश्नांना कंटाळले नाहीत. हा मासा वाईट नाही, त्यांनी सांगितलं. पकडल्या पकडल्या बर्फात गेला, वाटेत बर्फ बदलला, तर दोन-तीन दिवस उत्तम राहतो. फसवणूक होते ती पुढे. चिल्लर विकणारा बर्फाचे पैसे वाचवतो, उरलेला माल उद्याच्या ताज्या मालात मिसळतो. ‘‘मासा खराब नसते जी, बर्फ कमी असते,’’ हे त्यांचं वाक्य मी मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवलंय. २०१८ च्या जुलैत गोव्यात माशांना फॉर्मेलिन लावल्याच्या संशयावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतं? बाहेरून येणारा मासा तेव्हा काही दिवस थांबवला होता. समुद्रकाठच्या गोव्याची ही तऱ्हा, तर आपण शहरातल्यांनी ‘फ्रेश’ या स्टिकरवर किती विश्वास ठेवायचा!

‘‘पण वर्ध्याचा मासा कुठाय?’’ मी विचारलं.

भाऊंनी हनुवटीनं कोपऱ्याकडे खूण केली. ‘‘त्या मावशीले विचारा.’’

कोपऱ्यात एक मावशी मोठा टप समोर घेऊन बसल्या होत्या. हिरवं नऊवारी, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ. मी पुढे झाले. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि असा प्रश्न टाकला की मी गारच पडले.

‘‘बर्फातला पायजे का पाण्यातला?’’

‘‘पाण्यातला!’’

‘‘मंग आता नाई भेटत, बाई. संक्रांतीनंतर ये.’’

टपात होता तो आंध्राचाच राहू. त्यांनी स्वतःच सांगितलं. ‘‘आज माह्याजवळबी बर्फातलाच हाय. खोटं कायले बोलू?’’

मावशी ढिवर समाजाच्या. त्यांच्या गावच्या मच्छीमार सोसायटीकडे एक तलाव ठेक्यानं आहे. पावसाळा लागला की तिथं जाळी बंद. ‘‘आता माशाच्या पोटात अंडे राहतात. एक मासा मारला का हजारो मेले. अन् कोनी रस्त्यावर इकून राहिलं न, तरी घेऊ नोको.’’

बोनी झालेली नसताना गिऱ्हाइकाला ‘घेऊ नको’ म्हणणारी विक्रेती मी पहिल्यांदाच पाहत होते. आमच्या सेल्स टीमला तिच्याकडे ट्रेनिंगला पाठवायला हवं.

पुलावरचा मासा

त्या दुपारी पाऊस उघडला. आम्ही बाबांना घेऊन पवनारला गेलो. धाम नदीच्या काठचा विनोबांचा आश्रम, खालचे काळे खडक आणि त्यांच्यावरून धावणारं तांबूस पाणी. विनोबा १९३८ मध्ये इथं आले आणि १९८२ मध्ये इथंच त्यांनी देह ठेवला. आश्रमातली शांतता अंगावर येत नाही, सोबत येते. बाबा बराच वेळ पाण्याकडे बघत बसले.

परत येताना भावजींनी गाडी आडरस्त्याला घातली. एका नाल्याच्या छोट्या पुलावर दोन पोट्टे उभे होते. हातात वेलीत ओवलेली ताजी फडफडीत मासळी. गाडी थांबायच्या आधीच बाबांनी काच खाली केली. खाली उतरले. मी बघतच राहिले. हा तोच माणूस, जो काल दही-भात खाऊन झोपला होता!

मासे खरंच जिवंत होते. तोंडं उघडझाप करत होती. बाबांनी एक हातात घेतला. मी पाकीट काढलं. मनात म्हटलं, मिशन सक्सेसफुल. मावशीचं वाक्य आठवत होतं, पण मी मुद्दाम विसरले. खरं सांगते, त्या क्षणी मला माशांच्या पुढच्या पिढीचं काही पडलेलं नव्हतं. मला माझ्या बाबांचं ताट भरलेलं बघायचं होतं.

बाबांनी माशाच्या पोटावरून अंगठा फिरवला. पोट टम्म होतं. खालून पिवळसर थेंब आला.

‘‘गाभोळी,’’ ते म्हणाले. आणि मासा पोराच्या हातात परत दिला. ‘‘जा रे, सोडून दे पाण्यात.’’

पोरगं कसलं सोडतंय! ते आमच्याकडे वेडे आहेत अशा नजरेनं बघत राहिलं. मी बाबांना म्हटलं, ‘‘अहो, आपण नाही घेतलं तर दुसरं कुणी घेईल.’’

‘‘घेऊ दे. आमी घेतलेलो. खूप घेतलेलो.’’

गाडीत बसल्यावर बाबा बोलायला लागले. आई गेल्यापासून इतकं सलग बोलले नव्हते. देवगडला समुद्र होताच, पण मृगाचा पाऊस पडला की पोरांना ओढ असायची ती चढणीच्या माशांची. ओढ्याला पहिलं लाल पाणी आलं की मासे प्रवाहाच्या उलटे, शेतांच्या दिशेनं वर चढायचे. अंडी घालायला. रायगडकडे यालाच वलगण म्हणतात. रात्री बत्ती घेऊन जायचं आणि टोपल्या भरून आणायच्या. ‘‘गाभोळीचो मासो म्हणजे लोणी! तुझ्या आजयेन केलेली कढी…’’ ते थांबले. ‘‘मागच्या खेपेक पावसात गावाक गेलंय तेव्हा रातीचो व्हाळार जाऊन उभो रवलंय. एक मासो चढाक नाय.’’

पुढे घरापर्यंत कोणी बोललं नाही.

वर चढणारा मासा

रात्री मी गूगल उघडून बसले. राहू, कतला, मृगल हे आपल्या नद्यांचे मूळ रहिवासी. तिघांचं एकमेकांत भांडण नाही. कतला वरच्या थरात खातो, राहू मधल्या, मृगल तळाशी. म्हणून एकाच तळ्यात तिघं सुखानं नांदतात. (असं फ्लॅटमेट आपल्याला का मिळत नाहीत?) पण त्यांची एक अट असते. साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. त्यांना पूर लागतो, वाहतं पाणी लागतं, वर चढायला वाट लागते. धरण बांधलं की वाट बंद.

मग तळ्यात मासे येतात कुठून? त्याचीही एक तारीख आहे. १० जुलै १९५७. डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही या शास्त्रज्ञांनी ओडिशातल्या अंगुल इथं माशांना पियुषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. आज देशात १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन म्हणून साजरा होतो तो यामुळेच. तेव्हापासून हॅचरीत बीज तयार होतं, त्याची बोटाएवढी पिल्लं, म्हणजे बोटुकली, तलावात सोडतात आणि ती किलोभर व्हायला साधारण वर्ष लागतं.

म्हणजे मावशीची ‘संक्रांतीनंतर ये’ ही तारीख हवेतली नव्हती. तिच्यामागे पूर, बीज, बोटुकली, थंडी, उतरत जाणारं पाणी असं अख्खं कॅलेंडर होतं. सीझन म्हणजे मासा कधी मिळतो तेवढंच नाही, तो कधी घ्यायचा नाही हेही त्यातच आलं. महाराष्ट्र सरकारनं २०२५ च्या एप्रिलमध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. मला त्या रात्री तो निर्णय कळला. पेरणीच्या दिवसात कोणी पीक कापतं का?

मुंबईला परत आले ती रिकामा बॉक्स घेऊन. जुलैच्या त्या ट्रिपमध्ये बाबांनी मासा खाल्लाच नाही. पण ऑक्टोबरपासून त्यांचे फोन बदलले. आधी ‘जेवलीस का’ एवढंच असायचं. आता ‘‘थंडी पडाक लागली,’’ ‘‘तळ्याचा पाणी निवळला,’’ असे रिपोर्ट यायला लागले. एकदा म्हणाले, ‘‘मावशी म्हणता, यंदा कतलो बरो वाढलोसा.’’

‘‘कोण मावशी?’’

‘‘ती, बाजारातली.’’

बाबा एकटेच बाजारात जाऊन आले होते. मासे न घेता, नुसते गप्पा मारून!

संक्रांतीनंतरची पहाट

यंदा जानेवारीत चार सुट्ट्या जोडून घेतल्या. बर्थखाली बॉक्स नव्हता. सहप्रवाशांनी माझ्याशी चक्क गप्पा मारल्या.

पहाटे साडेपाचला बाबा तयार. अंगात स्वेटर, कानाला मफलर आणि हातात पिशवी. ती पिशवी मी ओळखली. धक्क्यावरची, निळी-पांढरी, जाड प्लॅस्टिकची. ती मुंबईहून वर्ध्याला आलीय हे ताईलाही माहीत नव्हतं.

तलाव सेलूच्या अलीकडे. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. पाण्यावर धुक्याचा पातळ थर. आधी काहीच दिसत नाही. मग एक माणूस पाण्यावर चालत येताना दिसतो! जवळ आला की कळतं, तो थर्माकोलच्या तराफ्यावर उभा आहे. मासळीच्या पेट्यांचाच थर्माकोल, पोत्यात शिवून बांधलेला. ज्या थर्माकोलातून आंध्राचा मासा आला, त्याच्यावर उभं राहून वर्ध्याचा मासा धरायचा. रिसायकलिंगवर सेमिनार घेणाऱ्यांनी हे पाहायला हवं.

काठावर सोसायटीची दहा-बारा माणसं जाळं ओढत होती. जाळ्याचा घेर लहान होत गेला तसं पाणी उकळायला लागलं. चांदीचे पट्टे उड्या मारायला लागले. कतला, त्याचं ते भलंमोठं डोकं. राहू, गुलाबी खवल्यांचा. मृगल. जाळ्यात तिलापियाही होता. मूळचा आफ्रिकेतला पाहुणा, पण आपल्याकडे घुसला तो घरजावई होऊन बसला. सोसायटीचे एक काका म्हणाले, ‘‘हा भाडं देत नाई अन् घर सोडत नाई.’’

आणि एका बाजूला, ओल्या पोत्याखाली, वेगळ्या घमेल्यात मरळ. काळसर, सापासारखं तोंड, अंगात नुसता जोर. मरळीला कल्ल्यांखेरीज हवेतूनही श्वास घेता येतो. ओलं पोतं टाकलं की पाण्याबाहेरही तासन् तास जिवंत राहते. हैदराबादला मृगाच्या सुमारास दम्यासाठी औषध भरून जी मासोळी गिळायला देतात ना, ती मरळीचीच पिल्लं. काटे कमी, मांस घट्ट. विदर्भात पाहुण्याचा मान मरळीनं राखतात, असं मावशी म्हणाल्या.

काठावरच हर्रास झाला. ठोकवाल्यानं मोठा ढीग उचलला. ब्लूटूथवाले भाऊ तेच! मला बघून हसले. ‘‘आज बर्फाचं काम नाई जी.’’ हा मासा नऊ वाजायच्या आत वर्ध्यात विकून संपतो. सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज, हिंदी विद्यापीठ, तिथली बंगाली, बिहारी, मल्याळी पोरं या दिवसांत टपून बसलेली असतात, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे बघा, गांधीजींच्या नावाच्या दोन संस्थांमुळे वर्ध्याच्या माशाला गिऱ्हाईक मिळतं!

मावशी चिल्लर विकायला बसल्या. समोर दोन घमेली. त्यांनी बाबांना ओळखीचं हसू दिलं.

‘‘या दादा. आज पाण्यातलाच हाय. कोनता देऊ?’’

मी बाबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते.

‘‘तू निवड,’’ ते म्हणाले. आणि पिशवी उघडून मागे उभे राहिले.

मी खाली बसले. थंडीनं बोटं वाकत नव्हती. आईसारखे कल्ले उघडले. लाल, ओले. डोळा फुगीर, पारदर्शक. अंगठ्यानं दाबलं. खड्डा पडला आणि लगेच वर आला. एक राहू बाजूला काढला, एक मरळ. भाव करायचा म्हणून केला. रुसले. चार पावलं पुढेही गेले. मागे वळून पाहिलं तर मावशी हसत होत्या. बाबा पिशवी धरून उभे. एक शब्द बोलले नाहीत.

आणि तो मातीचा वास?

स्वयंपाकघराचा ताबा भावजींच्या आईंनी घेतला. त्यांनी राहूच्या तुकड्यांना हळद, मीठ आणि चिंचेचा कोळ चोळून अर्धा तास ठेवलं, मग धुतलं. हे नुसतं परंपरेपोटी नाही. गोड्या पाण्यातल्या माशाला येणारा मातकट वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. पाण्यातले आणि मातीतले सूक्ष्मजीव ते तयार करतात. आंबटपणा त्याला मोडतो. आणि खरी गंमत पुढे आहे. पहिल्या पावसात मातीला जो सुगंध येतो, ज्याच्यावर आपण स्टेटस टाकतो, त्यातही मुख्य वाटा याच जिओस्मिनचा असतो. तो मातीत असेल तर कविता, माशात असेल तर तक्रार!

हे मी जेवताना बाबांना सांगितलं. राहूचा वऱ्हाडी रस्सा होता, भाजलेला कांदा, सुकं खोबरं, खसखस आणि वर लालबुंद तर्री. मरळीचे तुकडे ताईनं मालवणी मसाला लावून रव्यात घोळून तळले होते. बाबांनी आधी रश्श्याचा वास घेतला.

‘‘मातीचो वास येता?’’ मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

‘‘येता थोडो,’’ ते म्हणाले. ‘‘पयल्या पावसाचो.’’

आणि दुसऱ्यांदा भात मागितला.

रविवारी रात्रीची गाडी पकडून मी सोमवारी डेस्कवर हजर. दुपारी बाबांचा मेसेज आला. फोटो होता. निळी-पांढरी पिशवी धुऊन दोरीवर वाळत घातलेली. खाली एकच ओळ. ‘जून लागेपर्यंत आणखी तीन-चारदा येऊन जा. मगे बंद.’

तुम्हीही जायचं म्हणताय?

कसं जाल : मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस किंवा सेवाग्राम एक्स्प्रेस थेट वर्ध्याला सोडतात. नागपूरहून वर्धा साधारण ७५ किलोमीटर. गाडीनं जाणार असाल तर समृद्धी महामार्ग वर्धा जिल्ह्यातूनच जातो.

कधी जाल : तलावांतला मासा खायचा तर जानेवारी ते मे. पावसाळ्यात वर्धा सुंदर दिसतो, तेव्हा डोळ्यांनी जेवा.

काय बघाल : सेवाग्राममधली बापू कुटी (गांधीजी १९३६ मध्ये इथं राहायला आले), पवनारचा आश्रम आणि धाम नदी, शिवाय सेलू तालुक्यातला बोर व्याघ्र प्रकल्प. आश्रमाचं जेवण शाकाहारी असतं. माशांच्या गोष्टी तिथं नकोत!

काय घ्याल : काट्यांची भीती वाटत असेल तर मरळ. रस्सा करायचा तर राहू किंवा कतला. डोकं आवडणाऱ्यांनी कतल्याचंच घ्यावं. ‘थाई मागूर’ कुणी दिला तर नको म्हणा. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे.

काय विचाराल : एकच प्रश्न. ‘बर्फातला की पाण्यातला?’ बर्फातला असला तरी चालेल, पण उत्तर खरं देणाऱ्याकडूनच घ्या.

आणि हो : वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी आहे. तळलेल्या मरळीबरोबर थंडगार ताक प्या. आम्ही तेच केलं, काही बिघडलं नाही.